जंगल मोजणाऱ्यांचा युरोप

जर्मनीच्या जंगलांत जमिनीखाली हजारो धातूच्या खुणा पुरलेल्या आहेत. त्या वरून दिसत नाहीत, आणि दिसू नयेत म्हणूनच पुरल्या आहेत. दर दहा वर्षांनी राष्ट्रीय वनगणनेची पथके धातुशोधक यंत्र घेऊन येतात, खूण हुडकतात आणि तिच्याभोवतीची तीच झाडे पुन्हा मोजतात. खोडाचा व्यास जमिनीपासून 1.3 मीटरवर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर घ्यायचा, हा नियम. खूण लपवण्याचे कारण साधे आहे. आपल्या रानातली कोणती झाडे मोजली जाणार हे मालकाला कळले, तर तो त्यांना जरा अधिक जपेल, आणि मग ती झाडे बाकीच्या जंगलाची खरी हकीकत सांगणार नाहीत.

2022 च्या गणनेत सुमारे 80 हजार ठिकाणी 5 लाखांहून अधिक झाडे मोजली गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले आणि बर्लिनमधल्या धोरणकर्त्यांची झोप उडावी असा आकडा समोर आला: 2017 पासून जर्मन जंगलातला कार्बनचा साठा 4 कोटी 15 लाख टनांनी घटला होता. कार्बन शोषणारे जंगल कार्बन सोडू लागले होते. त्याच देशाच्या हवामान कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने लिहून ठेवले होते, की जमीन आणि जंगल मिळून 2030 पर्यंत दरवर्षी अडीच कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषतील. कायदा एक सांगत होता, खोडे दुसरेच सांगत होती.

युरोपचे वनधोरण आणि हवामानधोरण समजून घ्यायचे, तर खोडाच्या मापापासून कायद्याच्या कलमापर्यंतची ही वाट समजून घ्यावी लागते. व्यास आणि उंचीवरून लाकडाचे घनफळ निघते, घनफळावरून कार्बन, आणि कार्बनच्या बेरजेवर देशाने दिलेला शब्द खरा की खोटा ते ठरते.

खाणींची भूक आणि 1713 चा ग्रंथ

या वाटेची सुरुवात चांदीच्या खाणीत झाली. सॅक्सनीतल्या फ्रायबर्ग परिसरात खाणींना टेकू लावायला आणि धातू वितळवायला अफाट लाकूड लागे. आसपासचे डोंगर उघडे पडू लागले. खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स यांनी 1713 मध्ये वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि जंगल टिकून राहील अशाच बेताने ते वापरावे, असा आग्रह धरला. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या जर्मन शब्दातून आजचा ‘शाश्वतता’ हा जगभरचा शब्द उगवला. पुढे हाइनरिश कोटा यांनी 1811 मध्ये आपली वनशाळा थारांट या गावी आणली, आणि जंगल हे मोजून, आराखडा आखून सांभाळायचे शास्त्र झाले.

त्या परंपरेचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. 1864 मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रँडिस हे मूळचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. महाराष्ट्राच्या प्रत्येक वनविभागात आज जी ‘कार्य आयोजना’ तयार होते, तिची मुळे युरोपच्या या मोजून तोडण्याच्या विचारात आहेत.

विसाव्या शतकात नॉर्डिक देशांनी पुढचे पाऊल टाकले. लाकूड आणि कागद हा त्यांच्या अर्थव्यवस्थेचा कणा. जंगल संपले तर देश बुडेल ही भीती खरी होती. प्रत्येक झाड मोजणे अशक्य, म्हणून नमुना घेण्याची पद्धत आली. नॉर्वेने 1919 मध्ये, फिनलंडने 1921 मध्ये आणि स्वीडनने 1923 मध्ये राष्ट्रीय वनगणना सुरू केली. फिनलंडमध्ये यिर्यो इल्वेसालो यांच्या नेतृत्वाखाली माणसे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे समांतर रेषांत देश पायी ओलांडत, दलदलीतून मोजणी करत गेली. तेव्हा प्रश्न लाकडाचा होता. शंभर वर्षांनी तोच हिशेब हवामानाचा पाया होईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

आम्लाचा पाऊस

जंगलशास्त्राने युरोपचे राजकारण पहिल्यांदा हलवले ते आम्लवर्षेच्या काळात. स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांतले मासे मरत होते आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनचे स्वान्ते ओडेन यांनी त्याचा संबंध दूरच्या कारखान्यांच्या धुराशी जोडला. जर्मनीत झोलिंगच्या पठारावर ग्यॉटिंगन विद्यापीठाचे बेर्नहार्ड उलरिश वर्षानुवर्षे पावसाचे, मातीचे आणि मुळांचे रसायन तपासत होते. गंधकयुक्त पावसाने माती आम्लधर्मी होते, पोषक द्रव्ये वाहून जातात आणि मातीतले ॲल्युमिनियम मोकळे होऊन मुळांना जाळते, असे त्यांनी मांडले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘जंगल मरते आहे’ हा जर्मनीत घराघरातला विषय झाला. जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवरच्या एर्त्स पर्वतात, निकृष्ट कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या सावलीत, स्प्रूसचे डोंगरच्या डोंगर खरोखर वठले.

राजकारण हलले. 1979 मध्ये जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला, 1983 मध्ये पश्चिम जर्मनीने मोठ्या भट्ट्यांवर कडक नियम लादले, आणि 1985 मध्ये हेलसिंकीत गंधकाचे उत्सर्जन 30 टक्क्यांनी घटवण्याचा करार झाला. त्याच वर्षी सगळ्या खंडाच्या जंगलाची तब्येत एकाच पद्धतीने तपासणारा कार्यक्रम सुरू झाला. नकाशावर 16 किलोमीटर बाय 16 किलोमीटरची जाळी टाकायची आणि तिच्या छेदबिंदूंवरची झाडे दर उन्हाळ्यात पाहायची: किती पाने गळली, शेंडा किती विरळ झाला.

सगळे जंगल मरेल हे भाकीत खरे ठरले नाही. म्हणून आजही काही जण त्या काळाकडे निष्कारण घबराट म्हणून बोट दाखवतात. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. अनेक भागांतल्या विरळ शेंड्यांमागे दुष्काळ आणि मातीतल्या उणिवाही होत्या, हे शास्त्रज्ञांनीच पुढे मोजमापातून दाखवले. आणि युरोपातले गंधकाचे उत्सर्जन त्यानंतर 80 टक्क्यांहून अधिक घटले, ही गोष्ट आपोआप घडली नाही. इशारा ऐकला गेला म्हणून संकट आटोक्यात आले, आणि मोजणीची जाळी कायमची मागे राहिली.

कार्बनची खातेवही

हवामानाचा प्रश्न आला तेव्हा ही जाळी आणि शतकभराच्या वनगणना हाताशी होत्या. युरोपीय संघाचा सुमारे 40 टक्के भूभाग वनाच्छादित आहे आणि ही जंगले संघाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे एक दशांश इतका कार्बन डायऑक्साइड शोषत आली. या शोषणाला किंमत द्यायची, तर हिशेबात लबाडी होऊ नये याची तजवीज लागते. झाडे आपोआप वाढतात, त्याचे श्रेय सरकारने का घ्यावे? 2018 च्या नियमाने यावर तोडगा काढला: 2000 ते 2009 या काळात जंगल जसे सांभाळले जात होते, तसेच पुढेही सांभाळले तर ते किती शोषेल, हे प्रत्येक देशाने शास्त्रीय पद्धतीने काढायचे. त्या पातळीच्या वर गेलात तर जमा, खाली आलात तर नावे. प्रत्येक देशाचा आकडा इतर देशांच्या तज्ज्ञांसमोर तपासायला ठेवला गेला.

2023 मध्ये नियम बदलला आणि संपूर्ण संघासाठी एक लक्ष्य ठरले: 2030 मध्ये जमीन आणि जंगल मिळून निव्वळ 31 कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषले गेले पाहिजेत. 2021 च्या वनधोरणात 2030 पर्यंत 3 अब्ज जादा झाडे लावण्याचा संकल्पही आहे. झाडे लावल्याचा आकडा सभेत सांगायला सोपा. जंगलाने प्रत्यक्षात किती शोषले हा आकडा मिळायला आयुष्ये खर्ची पडतात.

आणि इथेच शास्त्रज्ञांचा एक जुना इशारा आठवतो. नेदरलँड्सचे खेर्ट-यान नाबूर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्येच लिहिले होते, की युरोपच्या जंगलांच्या शोषणाला मर्यादा आल्याची पहिली चिन्हे दिसत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लावलेली झाडे वयात आली, त्यांची वाढ मंदावतेय, आणि वादळ, वणवा, कीड यांचा धोका वाढतोय.

पाच वर्षांत धोका दारात आला. 2018 पासून सलग कोरडे उन्हाळे पडले. स्प्रूस हे मूळचे थंड डोंगरांचे आणि उत्तरेचे झाड. सरळ खोड आणि लवकर वाढ यांपायी माणसाने ते सखल, उबदार भागातही दाटीवाटीने लावले होते. त्याच्या सालीखाली राहणारा एक इवलासा भुंगेरा असतो. निरोगी झाड राळ सोडून त्याला बुडवते. तहानलेल्या झाडाकडे राळच उरत नाही. उबदार उन्हाळ्यात भुंगेऱ्याच्या एकाऐवजी दोन-तीन पिढ्या निघतात आणि अळ्या सालीखालचा जिवंत थर खाऊन झाडाचे अन्नपाणी तोडतात. जर्मनीतल्या हार्त्सचे डोंगर करडे पडले. चेकियाचे जंगल काही वर्षे कार्बन सोडणारे ठरले. फिनलंडने 2035 पर्यंत कार्बन-समतोल साधण्याचे कायद्याने ठरवले आहे. तिथे 2021 च्या हिशेबात जमीन आणि जंगल क्षेत्र पहिल्यांदाच शोषणाच्या बाजूवरून उत्सर्जनाच्या बाजूला गेले. कारणे होती वाढलेली तोड आणि मंदावलेली वाढ. संपूर्ण संघाच्या जंगलांचे शोषण 2010 ते 2014 च्या तुलनेत 2020 ते 2022 मध्ये चौथ्या हिश्शाहून अधिक घटले.

दोन साक्षीदारांचा वाद

शास्त्र धोरणाला वाट दाखवते, पण शास्त्रातही मतभेद असतात. जुलै 2020 मध्ये युरोपीय आयोगाच्या इटलीतल्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून त्यांनी काढले, की 2016 ते 2018 या काळात तोडीचे क्षेत्र त्याआधीच्या पाच वर्षांपेक्षा 49 टक्क्यांनी वाढले. नव्या वनधोरणाची तयारी चालू असतानाच हा आकडा आला आणि मोठी खळबळ उडाली.

अनेक देशांच्या वनशास्त्रज्ञांनी 2021 मध्ये त्याच नियतकालिकात हरकत घेतली. मधल्या काळात छायाचित्रे वाचण्याची संगणकीय पद्धत सुधारली होती, त्यामुळे पूर्वी न दिसणाऱ्या छोट्या मोकळ्या जागा आता दिसू लागल्या. शिवाय वादळात पडलेले जंगलही तोड म्हणून मोजले गेले, असे त्यांचे म्हणणे. देशोदेशीच्या नोंदींत तोडीची वाढ होती, पण इतकी प्रचंड नव्हती. या वादातून एक गोष्ट पक्की झाली: उपग्रह सगळा खंड एका नजरेत पाहतो, पण त्याने काय पाहिले ते ठरवायला जमिनीत पुरलेली खूण लागते.

दुसरा वाद लाकूड जाळण्याचा. हिशेबाच्या नियमानुसार लाकडातला कार्बन झाड तोडताना जमिनीच्या खात्यात नावे पडतो, म्हणून वीजकेंद्राच्या चिमणीवर तो शून्य धरतात. त्यामुळे कागदावर लाकूड स्वच्छ इंधन ठरले. जानेवारी 2018 मध्ये जवळपास 800 शास्त्रज्ञांनी युरोपीय संसदेला पत्र लिहून विरोध केला: झाड तासाभरात जळते, तेवढा कार्बन परत शोषणारे झाड उभे राहायला दशके जातात. तेव्हा फारसे काही बदलले नाही. 2023 च्या सुधारित कायद्याने मात्र करवतीयोग्य ओंडके, बुंधे आणि मुळे जाळून ऊर्जा निर्माण करण्याला थेट आर्थिक मदत देण्यावर बंदी घातली.

पूल बांधणारे

संशोधकाची भाषा मंत्र्याला कळत नाही आणि मंत्र्याची घाई संशोधकाला मानवत नाही. ही दरी ओळखून 1993 मध्ये फिनलंडच्या योएन्सू शहरात युरोपीय वनसंस्था स्थापन झाली; पुढे तिला आंतरराष्ट्रीय संघटनेचा दर्जा मिळाला. तिने ‘थिंकफॉरेस्ट’ नावाचे व्यासपीठ उभारले, जिथे खासदार, अधिकारी आणि शास्त्रज्ञ एका टेबलाशी बसतात. स्वीडनचे माजी पंतप्रधान योरान पेर्शॉन त्याचे अध्यक्ष होते. याच संस्थेच्या 2015 च्या अहवालाने हवामानाला अनुकूल वनव्यवस्थापनाची कल्पना पुढे आणली: एकाच जातीच्या रांगांऐवजी मिश्र जंगल, कीड-वादळाला तोंड देणारी लागवड, आणि सिमेंट-पोलादाच्या जागी टिकाऊ लाकूडकाम.

वाट अजून सोपी नाही. युरोपीय संघाच्या करारांत समान वनधोरण असे कलमच नाही. जंगल हा सदस्य देशांचा विषय आहे आणि साधारण 60 टक्के जंगल खासगी मालकीचे आहे. आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये संपूर्ण संघासाठी समान वननिरीक्षणाचा कायदा सुचवला. 2025 मध्ये युरोपीय संसदेने तो नाकारला. प्रशासकीय ओझे आणि देशांचे अधिकार हे आक्षेप होते. कार्बनचे लक्ष्य सगळ्यांचे एक, आणि ते मोजण्याची पट्टी मात्र प्रत्येकाची वेगळी, हे मला या साऱ्या कहाणीतले सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

तरीही युरोपकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तिथल्या जंगलांनी माणसाच्या चुका सोसल्या, पण त्या चुका नोंदल्या गेल्या, म्हणून त्यांवर संसदेत भांडता येते. आपल्याकडेही नोंदी आहेत. आपल्या जिल्ह्याच्या वनविभागाची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांसाठी लिहिली जाते; कुठे काय उभे आहे, काय तोडायचे, काय राखायचे, हे त्यात असते. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो मागून घ्या, वाचा, आणि त्यात लिहिलेले जंगल प्रत्यक्ष जागेवर उभे आहे का, ते एकदा जाऊन पाहा.