एकाच सुराचा अंधार

न्यूयॉर्कच्या ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडचा पहिला अल्बम मार्च १९६७मध्ये आला. त्यातलं ‘व्हीनस इन फर्स’ ऐकताना गाण्याच्या तळाशी एक सूर घुमत राहतो. चाल पुढे जाते, सूर जागचा हलत नाही.

तो व्हायोलाचा सूर. वादक जॉन केल वेल्सचा. त्यानं व्हायोलाला गिटार-मॅन्डोलिनच्या तारा चढवल्या आणि कमानदार घोडी सपाट केली, त्यामुळे गज एका वेळी तीन तारांवर टेकू लागला. छेडलेली तार हळूहळू विझते. गजाचं तसं नाही. राळ लावलेला गज तारेला धरून ओढतो, तार निसटते, पुन्हा धरली जाते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं. आवाज तुटत नाही आणि उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर, भरभरून निघतात.

बँडच्या लू रीडनं गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात, वेगवेगळ्या सप्तकांत लावल्या. त्या तंतोतंत जुळत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. एक तार १४७ हर्ट्‌झला, दुसरी १४८ला असेल, तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो, ओसरतो. दुप्पट कंपनांच्या उपस्वरात असे दोन हेलकावे, तिप्पट कंपनांच्या उपस्वरात तीन. स्वर एकच, तरी कानाला आतली हालचाल ऐकू येते.

या आवाजातल्या काळोखाचं श्रेय मात्र ड्रमवादक मॉरीन टकरला द्यायला हवं. ती उभ्यानं, आडव्या ठेवलेल्या बेस ड्रमवर वाजवायची. झांजा जवळजवळ वर्ज्य. झांजेचा आवाज हजारो हर्ट्‌झच्या वरच्या पट्टीत पसरतो. तो गेला की झळाळी गेली.

एकच सूर धरण्याची ही सवय जुनी: केल आधी संगीतकार ला माँट यंगच्या चमूत होता. तिथे तासन्‌तास एकच सूर धरत, तोही अमेरिकी विजेच्या ६० हर्ट्‌झच्या गुणगुणीला जुळवून. (आपली वीज ५० हर्ट्‌झची.) यंगला तानपुऱ्याची ओढ लागली ती अली अकबर खाँच्या १९५५च्या रेकॉर्डमुळे, १९७०पासून तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला. तानपुऱ्याच्या रुंद घोडीवर तार टेकते-सुटते आणि एरवी मुके राहणारे उपस्वरही बोलू लागतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्येच मांडलं होतं.

ज्यांचा कान तानपुऱ्यावर तयार झाला आहे, त्यांनी हा अल्बम गोंगाट म्हणून बाजूला सारू नये. हेडफोन लावा आणि गायकाला सोडून फक्त व्हायोलाच्या मागे जा.