समुद्र घडविण्यासाठी कोरे पाणी

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, गोदावरी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या मुलखात वसलेले ताडकळस अरबी समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तथापि योग्य क्षार, योग्य पाणी आणि नित्याची देखभाल या तीन गोष्टींची जोड मिळाली, तर तेथील एखाद्या घराच्या ओसरीवर शंभर लिटरांच्या काचेच्या टाकीत समुद्रजल सिद्ध करून त्यात क्लाउनफिश या सागरी माशांची जोडी वर्षानुवर्षे सांभाळणे आज अशक्य राहिलेले नाही. यांपैकी क्षार बाजारात तयार मिळतात आणि देखभाल हळूहळू अंगवळणी पडते. पाण्याचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो, किंवा होतच नाही. जे पाणी आपण बिनदिक्कत पितो, ज्यावर घरातली लहान मुले वाढतात, ते माशाला का चालू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर शोधू जाता आपल्या पायाखालच्या खडकापासून महासागराच्या रसायनापर्यंतचा प्रवास करावा लागतो.

समुद्रकाठच्या संस्थांना हा प्रश्न सहसा भेडसावत नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय काय, किंवा कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय काय, दोहोंना समुद्र दाराशीच लाभला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यास तो घरी घडवावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने मोजके क्षार गोड्या पाण्यात विरघळवून असा प्रयोग केला, आणि त्यात सागरी जीव तगून राहतात हे दाखवून दिले. आजचे हौशी मत्स्यपालक करतात ते मूलतः हेच, फक्त त्यांच्या हाती समुद्राच्या घटनेचा पुष्कळच सूक्ष्म तपशील आहे.

हा तपशील मोठ्या परिश्रमाने जमा झाला. निरनिराळ्या समुद्रांची क्षारता कमीजास्त असली, तरी त्यांतील प्रमुख क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असते, असे अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ साली सुचविले. आणि पुढे ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आणलेल्या जलनमुन्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार यांनी १८८४ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइडचा वाटा निम्म्याहून अधिक, सोडियमचा तीस टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम ही मंडळी असतात. लिटरमागे कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमांच्या थोडे वर आणि मॅग्नेशियम १,३०० मिलिग्रॅमांच्या घरात, ही मात्रा कोट्यवधी वर्षे स्थिर राहिली नसली, तरी आजच्या सागरी जीवांची शरीरे तिच्याशी जुळवून घेऊन घडलेली आहेत. स्वयंपाकघरातील मिठाने हे काम भागत नाही ते याचसाठी. आणि मत्स्यपालनासाठी बनविलेले मिश्र क्षार याच प्रमाणात मोजून भरलेले असतात, मात्र आपण ज्या पाण्यात ते विरघळवू त्या पाण्यात आधीचे काहीही नसावे, हे त्यात गृहीत धरलेले असते.

ताडकळसच्या बोअरच्या पाण्याला हे गृहीत लागू पडत नाही. पावसाचा थेंब आकाशातून पडताना जवळजवळ कोरा असतो; परंतु काळ्या मातीत शिरताच तो तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी होतो, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भेगांमधून उतरताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका आपल्याबरोबर घेऊन जातो. वाटेत शेतातल्या युरियाचा, उकिरड्याचा आणि शोषखड्ड्यांचा अंश नायट्रेटच्या रूपाने त्यात मिसळतो. आणि गावच्या टाकीत पोहोचल्यावर ग्रामपंचायतीचा कर्मचारी त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. पातेल्याच्या तळाशी जमणारा पांढरा थर आणि न फेसाळणारा साबण ही या जड पाण्याची खूण घरोघरच्या गृहिणींना चांगलीच ठाऊक असते.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक माणसाच्या आरोग्याचा विचार करून ठरविलेले आहे. लिटरला ४५ मिलिग्रॅमांपर्यंत नायट्रेट त्यात मान्य आहे. विरघळलेल्या एकूण क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा ५०० असली, तरी दुसरा स्रोत नसेल तेथे २,००० पर्यंत मुभा आहे. याउलट प्रवाळसागरांच्या पृष्ठजलात नायट्रेटचे प्रमाण लिटरला एका मिलिग्रॅमच्याही अंशाइतकेच असते. मासे काही नायट्रेट सहन करतात. पण कोळंबी, शंख यांसारखे नाजूक जीव त्याने खंगतात, आणि शेवाळाला मात्र ते खत ठरते. सिलिकेवर डायटम नावाची सूक्ष्म शैवले पोसली जातात व काचेवर तपकिरी साय धरते. टीसीएलमधून सुटणारे क्लोरीन कल्ल्यांना इजा करते आणि माशांची विष्ठा निर्विष करणाऱ्या उपकारक जिवाणूंचाही संहार करते. तांब्याची गोष्ट तर विशेष विचारात घेण्याजोगी आहे: माशांवरील परजीवी मारण्यासाठी औषध म्हणून तांबे वापरतात तेव्हा त्याची मात्रा लिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम असते, आणि तेवढीच मात्रा कोळंबीचा प्राण घेण्यास पुरते. पिण्याच्या पाण्यात मात्र पर्यायी स्रोताच्या अभावी १.५ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालवून घेतले जाते.

यावर कोणी म्हणेल की, पहिल्याने भरलेल्या पाण्यातील एवढासा दोष टाकी पचवून टाकील. पण खरा धोका पुढे आहे. टाकीतून वाफ होऊन जाते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागेच राहतात, म्हणून घट भरून काढण्यासाठी रोज गोडे पाणी ओतावे लागते, आणि परभणीच्या उन्हाळ्यात ही घट थोडकी नसते. समजा, शंभर लिटरांच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडते आणि त्या जागी लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट व १,००० मिलिग्रॅम टीडीएस असलेले बोअरचे पाणी ओतले जाते. रोज ८० मिलिग्रॅम नायट्रेट आत आले, म्हणजे महिन्याअखेर टाकीतील प्रत्येक लिटरात २४ मिलिग्रॅमांची भर पडली. आणि एकूण क्षार महिन्याला ६० ग्रॅम साचले, तेही समुद्राच्या प्रमाणाशी मेळ नसलेले. खतावणीत जमेची बाजू रोज भरत जावी आणि खर्चाची कोरीच राहावी, तसा हा हिशेब चालतो. हायड्रोमीटर क्षारता ठीक असल्याचे सांगत राहतो, कारण तो एकूण घनता मोजतो, घटक वेगळे करीत नाही. आणि दोनचार महिन्यांनी हीटरवर चुन्याचे पापुद्रे धरतात व शेवाळ आवरेनासे होते, तेव्हा कारण उमगत नाही.

यावरील उपाय समुद्राच्याच शोधातून निघाला, हे लक्षणीय आहे. खारे पाणी गोडे करण्याच्या प्रयत्नात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचे व्यवहारोपयोगी पटल तयार केले. अर्धपारगम्य पटलाच्या एका बाजूस क्षारयुक्त आणि दुसऱ्या बाजूस शुद्ध पाणी ठेवले, तर शुद्ध पाणी आपण होऊन क्षारांकडे झिरपते. क्षारांच्या बाजूस पुरेसा दाब दिला की हा ओघ उलटतो, पाणी पलीकडे जाते आणि क्षार अलीकडे अडतात. आपण ज्याला आर.ओ. म्हणतो ती हीच क्रिया. मत्स्यपालनासाठीच्या यंत्रात आधी गाळ अडविणारा फिल्टर असतो, मग क्लोरीन शोषणारा कार्बन, कारण हल्लीच्या पटलांना क्लोरीन सोसत नाही. नंतर पटल, आणि शेवटी आयन-विनिमय करणाऱ्या रेझिनचे सूक्ष्म मणी. पटलातून निसटलेले धन आयन हे मणी धरून ठेवतात व हायड्रोजन देतात, ऋण आयनांच्या बदली हायड्रॉक्साइड देतात, आणि या दोहोंच्या संयोगाने पाणीच तयार होते. बाहेर येणाऱ्या पाण्यावर टीडीएस मीटरने शून्य दाखविले पाहिजे; एक-दोन आकडा दिसू लागला, की रेझिन बदलावे. सिलिका मात्र मीटरला फारशी कळत नाही व मणी थकू लागले की प्रथम तीच निसटते, म्हणून काचेवरची तपकिरी साय हाही एक इशाराच मानावा.

घरातील पिण्याचे आर.ओ. यंत्र किंवा गावातील केंद्रावरचा पाण्याचा जार या कामी थेट वापरणे इष्ट नाही. पाण्याला चव यावी म्हणून अशा बहुतेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी परत मिसळणारी टीडीएस नियंत्रकाची तोटी किंवा खनिजे सोडणारे नळकांडे असते. ते माणसाला हितकर, टाकीला अहितकर. ही सोय बंद करून त्यापुढे रेझिनची एक नळी जोडली, तर मात्र तेच यंत्र कामी येते.

तथापि ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पाण्याची ही शुद्धी किती पाण्याच्या मोलाने होते, याचा हिशेब दिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. साधे यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर बाहेर टाकते. वर सांगितलेल्या टाकीला आठवड्यास भरपाईचे चौदा आणि पाणीबदलाचे दहा, असे चोवीस लिटर लागले, तर बहात्तर लिटर वाया जाते, आणि जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोजचे प्रमाण ५५ लिटर धरलेले आहे. हे बाहेर पडलेले पाणी फरशी पुसण्यास, शौचालयात अवश्य वापरावे. क्षार वाढलेले असल्याने झाडांना नित्य घालू नये. याहून चांगला मार्ग आपल्या डोक्यावर आहे. दहा चौरस मीटर छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर लिटर पाणी हाती येते, आणि त्यात बेसाल्टचा अंशही नसतो. पहिल्या सरीचे पाणी वाहू द्यावे. जस्ताच्या पत्र्यावरचे किंवा नव्या सिमेंटच्या गच्चीवरचे घेऊ नये, कारण जस्त सागरी जीवांना घातक आहे आणि सिमेंट चुना देते. स्वच्छ प्लास्टिकच्या ताडपत्रीवर धरलेले पाणी झाकण असलेल्या पिंपात साठवून, गाळून, कार्बन व रेझिनमधून काढावे. एवढी तजवीज पावसाळ्यात झाली, तर उन्हाळ्याचा बराच भार हलका होतो.

प्रवाळ आणि समुद्रघोडा हे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, ते घरी आणू नयेत. हॅचरीत पैदास झालेले क्लाउनफिश घ्यावेत. आणि ज्यांना हा छंद सुरू करावयाचा आहे, त्यांना आग्रहाची विनंती एवढीच की, टाकी, दिवे आणि मासे यांच्याआधी टीडीएस मीटर विकत घ्यावा, आपल्या घरचे पाणी मोजावे, आणि शुद्ध पाण्याची कायमची तरतूद झाल्याखेरीज एकही मासा आणू नये.