'पुढे जाऊ का?' या प्रश्नाचे उत्तर



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक-प्रणालीला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. आमच्या शाळेतील संगणक जुने. नवी विंडोज त्यांना पेलवत नाही. ते भंगारात द्यावेत, की त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवावी, असा प्रश्न उभा राहिला. लिनक्स मी सुचविली आणि ती चालवून दाखविण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

एक यंत्र प्रयोगासाठी बाजूला काढले आणि नव्याच्या हौसेने त्यावर लिनक्सची चाचणी-शाखा बसविली. एके संध्याकाळी देवनागरी टंकलेखनाचे एक लहानसे साधन मागविले. पडद्यावर लांबलचक यादी आली व शेवटी प्रश्न आला, 'पुढे जाऊ का?' मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले, तो काळ्या पडद्यावर एकटा कर्सर लुकलुकत होता. नववीतील एका मुलीने विचारले, "सर, ती यादी तुम्ही वाचली होती का?"

वाचली नव्हती.

ही यादी करणाऱ्या कार्यक्रमास पॅकेज मॅनेजर म्हणतात. लिनक्सवरील बहुतेक साधने एका सामाईक भांडारातून येतात. प्रत्येक पॅकेजबरोबर एक पत्रिका असते: मला कोण लागते, कोणत्या आवृत्तीचे लागते आणि कोणाशी माझे पटत नाही. पाहुणा एक बोलवावा, तर तो सहकुटुंब सहपरिवार येतो; त्यातील एखाद्याचे घरच्या काकांशी हाडवैर निघते. मग मॅनेजर हिशेब मांडतो, की काकांना बाहेर काढल्यास सर्वांची सोय लागते. माझ्या यंत्रावरचे काका म्हणजे खिडक्या आणि चित्रे दाखविणारी सारी व्यवस्थाच होती! यात मॅनेजरने लबाडी मुळीच केली नाही. त्याने आधी विचारले होते.

चाचणी-शाखेत असे प्रसंग अधिक का येतात, हे डेबियनच्या उदाहरणाने कळेल. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या मुख्य शाखा तीन: स्थिर, चाचणी आणि अस्थिर. अस्थिर शाखेचे नाव 'सिड'. 'टॉय स्टोरी' चित्रपटात खेळणी मोडणाऱ्या मुलाचे हे नाव. नवे पॅकेज प्रथम सिडमध्ये येते. काही दिवसांत गंभीर दोष आढळला नाही, तर चाचणीत उतरते. परंतु एकमेकांवर अवलंबून असलेली पॅकेजे एकदम बदलावयाची झाली, म्हणजे गाडे अडते.

२०२४ साली तसेच घडले. ३२ बिटांची जुनी कालगणना १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते आणि १९ जानेवारी २०३८ रोजी तिची मर्यादा संपते. ती वाढविण्यासाठी डेबियनने शेकडो सामाईक पॅकेजांची नावे बदलून त्यांना 'टी६४' असा प्रत्यय जोडला. जुने आणि नवे पॅकेज एकाच यंत्रावर एकत्र नांदू शकत नव्हते. एका कार्यक्रमाला जुने हवे, दुसऱ्याला नवे. मग मॅनेजर एक तर अडून बसे किंवा निम्मे घर रिकामे करावयास निघे. कित्येक आठवडे हीच तऱ्हा होती.

माझ्यासारखे फसणारे पुष्कळ आहेत, हा त्यातल्या त्यात दिलासा. २०२१ साली लायनस सेबास्टियन हे कॅनडातील प्रसिद्ध चित्रफितकार लिनक्सवर खेळांचा 'स्टीम' हा कार्यक्रम बसवीत होते. मॅनेजरने धोक्याची सूचना दिली, 'होय, मी सांगतो तसे कर' या अर्थाचे इंग्रजी वाक्य मुद्दाम टंकित करावयास लावले. त्यांनी ते केले आणि पडदा नाहीसा झाला. त्यानंतर ॲप्ट या मॅनेजरमध्ये असा होकार देणे अधिक अवघड करण्यात आले.

आता वर्गातील यंत्रांवर आम्ही स्थिर शाखा बसविली आहे. तीत नवलाई कमी. पण सोमवारी सकाळी यंत्र सुरू होते. प्रयोगाच्या यंत्रावर आधी लटकी फेरी करवितो: प्रत्यक्ष काहीही न बदलता मॅनेजर नुसते काय होईल ते सांगतो. ॲप्टच्या साध्या 'अपग्रेड'मध्ये बसविलेले काही काढले जात नाही, 'फुल-अपग्रेड'मध्ये जाऊ शकते. हा भेद मला फार उशिरा कळला. यादी ती नववीतील मुलगी मोठ्याने वाचते. गेल्या आठवड्यात तीत छपाईची व्यवस्था काढण्याचा प्रस्ताव होता. आम्ही नकार दिला. चार दिवसांनी पुन्हा विचारले, तेव्हा भांडारात राहिलेले पॅकेज येऊन पोहोचले होते आणि काढावयाच्या यादीत एकही नाव नव्हते.