शकुंतलेचे पथ्रोट स्थानक

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ पथ्रोट नावाचे गाव आहे. तेथे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. पण काही वर्षांपासून तेथे गाडी येत नाही. मूर्तिजापूर ते अचलपूर या सुमारे ७६ किलोमीटरच्या मार्गावरचे हे स्थानक. या गाडीला वऱ्हाडात सारे ‘शकुंतला’ म्हणत. स्थानक का बांधले गेले आणि ओस का पडले, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे रुळांमधील अंतरात आहे.

मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. तो मूर्तिजापूरवरून जातो. परंतु आतल्या गावांचा कापूस तेथवर बैलगाडीनेच न्यावा लागे. म्हणून किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी येथे फाटे काढले. मुख्य मार्गाच्या रुळांमध्ये १६७.६ सेंटिमीटर अंतर, तर येथे अवघे ७६.२! रूळ हलके, पूल लहान, भराव अरुंद. म्हणजे खर्चही थोडा. मोठ्या मापाचा मार्ग असता, तर पथ्रोटला स्थानक झाले असते की नाही, शंकाच आहे.

पण या काटकसरीची किंमत वेगाने मोजावी लागली. पाय जुळवून उभे राहा आणि मित्राला खांद्याला हलकेच रेटायला सांगा. आता पाय फाकून तेच करा. फरक कळला ना? वळणावर डबा बाहेरच्या बाजूला कलू पाहतो; पाया अरुंद असेल, तर वेग कमी ठेवावाच लागतो. शिवाय येथील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा हलका मार्ग सरळ राहणे कठीण. अचलपूर गाठायला सुमारे चार तास लागत, म्हणजे ताशी १९ किलोमीटर. चांगला सायकलस्वारही तेवढे जातो!

मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन जाऊन १९९४ मध्ये डिझेल इंजिन आले. मार्ग मात्र तोच राहिला. मूर्तिजापूरला रुळांचे माप बदलत असल्याने कापसाच्या गाठी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवाव्या लागत. ट्रक जिनिंगच्या दारातून निघतो, तो थेट गिरणीत पोचतो.

ब्रॉडगेजची मागणी या भागातील लोक अनेक वर्षे करीत आहेत. त्यासाठी नुसता एक रूळ बाजूला सरकवून भागणार नाही. भराव रुंद करावा लागेल, पूल नव्याने बांधावे लागतील, आणि काही वळणे सरळ करायची तर शेतकऱ्यांची जमीनही लागेल.