डॉक्टर होणारीला पदार्थविज्ञान कशाला?

गेल्या दिवाळींत भाऊबिजेच्या निमित्तानें आम्ही मानवतास गेलों होतों. आमच्या मामेबहिणीचें सासर तेथें आहे. परभणी जिल्ह्यांतील हें गांव कापसाच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झालेला असतो आणि कापसानें भरलेल्या गाड्यांमधून वाट काढीत घर गांठावें लागतें. घर एकत्र कुटुंबाचें. बहिणीचे सासरे अण्णा हे निवृत्त शिक्षक; थोरले दीर एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत हिशेबाचें काम पाहतात; आणि आमची भाची अकरावीच्या शास्त्रशाखेंत शिकते. तिला डॉक्टर व्हावयाचें आहे. घरांत कोणाचा विरोध नाहीं. आजीनें तर तिच्या नांवामागें ती पदवी केव्हांच लावून टाकली आहे.

ओवाळणी झाली, फराळाची ताटें मांडलीं, आणि भाचीनें एकदम विचारलें, "मामा, एक सांगा. मला माणसाचं शरीर शिकायचं आहे. मग विमानांतून टाकलेला गोळा किती दूर जाऊन पडेल, हें मला कशाला पाहिजे?" थोरल्या काकूंनीं लगेच तिची बाजू घेतली. "त्या एका विषयापायीं पोर रात्ररात्र रडते. तो विषय सोडून नाहीं का हो डॉक्टर होतां येत?"

नाहीं होतां येत, एवढें उत्तर देऊन आम्हांला मोकळें होतां आलें असतें. आपल्या देशांतील सध्यांच्या नियमाप्रमाणें वैद्यकीय पदवीस जाणाऱ्यानें बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे तीन विषय घेतलेच पाहिजेत. प्रवेशाची जी 'नीट' परीक्षा, तिच्या १८० प्रश्नांपैकीं ४५ प्रश्न व ७२० गुणांपैकीं १८० गुण पदार्थविज्ञानाचे. आयुर्वेदाच्या पदवीलाहि हीच वाट. २०२४ सालीं पैकीच्या पैकी गुण मिळविणारे कित्येक होते. २०२५ सालीं पदार्थविज्ञानाचे प्रश्न इतके अवघड निघाले कीं देशांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यासहि ६८६ च गुण मिळाले. तेव्हां हा विषय टाळून पुढें जातां येत नाहीं, हें खरें. परंतु नियम आहे म्हणून शिक, हें सोळा-सतरा वर्षांच्या विचारी मुलीस दिलेलें उत्तर नव्हे. इंग्लंडांतील बऱ्याच वैद्यकीय विद्यालयांत प्रवेशासाठीं रसायन व जीवशास्त्र मागतात, पदार्थविज्ञानाची सक्ति करीत नाहींत. आणि तेथील डॉक्टर कांहीं वाईट असतात असें कोणी म्हणत नाहीं. भाचीला तेंहि ठाऊक होतें! आम्ही निरुत्तर झालों व चकलीकडे वळलों.

उत्तर मिळालें तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं. अण्णांचा रक्तदाब रोज घरींच मोजतात. दंडाला पट्टा बांधावयाचा, कळ दाबावयाची, कीं यंत्र आंकडा दाखवितें. काम काकूंकडे. त्या दिवशीं वरचा आंकडा १५२ आला. आदल्या आठवड्यांतहि असेच आंकडे आले होते. काकूंचें म्हणणें, फराळाचें मीठ बाधलें. थोरल्यांचें म्हणणें, परभणीस जाऊन गोळी वाढवून आणावी. अण्णा आरामखुर्चींत रेलून बसले होते आणि पट्टा बांधलेला हात खुर्चीबाहेर खालीं लोंबत होता. आम्हीं सहज सुचविलें कीं, हात स्टुलावर छातीच्या उंचीला ठेवून पाहूं या. आंकडा आला १४४. रक्तदाब क्षणोक्षणीं थोडाफार बदलतोच. म्हणून मध्यें विसावा देऊन दोन्हीं प्रकारें तीन-तीन वेळां मोजला. फरक कायम राहिला.

भाची कागद घेऊन बसली. लोंबत्या हाताचा दंड हृदयाच्या पातळीहून सुमारें अर्धी वीत, म्हणजे दहा सेंटिमीटर, खालीं जात होता. तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा भार दंडांतील रक्तवाहिनीवर अधिक पडणार. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. रक्त पाण्याहून किंचितच जड. भागाकार केला, उत्तर आलें पाऱ्याचे सुमारें आठ मिलिमीटर. १५२ आणि १४४! ती कागदाकडे पाहत राहिली. "म्हणजे मामा, हें मीठ नव्हतंच. हा तर त्या पुस्तकांतला दुसरा धडा आहे."

१४४ हा आंकडाहि कांहीं दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं, आणि अण्णांस आम्हीं वैद्याच्या सल्ल्यावांचून गोळींत फेरफार करूं नये असेंच सांगितलें. पण चुकीच्या आंकड्यावर गोळी वाढली असती, आणि म्हातारपणीं रक्तदाब फाजील उतरून माणूस रात्रीं उठतांना घेरी येऊन पडतो, मांडीचें हाड मोडतें, हें आपण सर्वांनीं कोणत्या ना कोणत्या घरीं पाहिलेलें आहे.

थोरले मग त्या दिवशीं भलतेच खुलले. त्यांच्या कारखान्यांत सुटा कापूस दाबून सुमारें १७० किलोची गांठ बांधतात, ती द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रानें. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम. लहान दट्ट्यावर बेताचा जोर लावला कीं मोठा दट्ट्या त्याच्या कित्येक पट जोरानें वर येतो. दंडावरच्या पट्ट्यांतील हवा आणि कारखान्यांतील तेल हीं एकाच घराण्याचीं, असें त्यांनीं जाहीर केलें, आणि तें फारसें चूक नव्हतें.

वाचकांस वाटेल कीं एका रक्तदाबावरून एवढें कशाला. पण वैद्याच्या हातांतील कोणतीहि वस्तु घ्या. शिरेंतून सलाइन किंवा रक्त देतात त्या सुईचेंच पाहा. पॉयझेल नांवाचा फ्रेंच वैद्य मूळचा पदार्थविज्ञानाचा अभ्यासी. शरीरांतील बारीक वाहिन्यांतून रक्त कसें वाहतें या ध्यासानें त्यानें कांचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापें केलीं व १८४० च्या सुमारास तीं प्रसिद्ध केलीं. संथ प्रवाह असेल तर नळीची त्रिज्या निम्मी करतां प्रवाह निम्मा होत नाहीं, सोळावा हिस्सा उरतो. आणि नळी दुप्पट लांब केली तर निम्मा होतो. बाळंतिणीस अतिशय रक्तस्राव होत असतां बारीक व लांब नळी घालणारा आणि आंखूड व जाड नळी घालणारा, या दोघांत औषधाच्या ज्ञानाचा फरक नसेल, पण त्या बाईच्या दृष्टीनें तो जन्ममरणाचा फरक ठरूं शकतो.

किंवा तो बोटाला लावावयाचा चिमटा. २०२० व २०२१ सालच्या साथींत तो घरोघर आला, आणि ९५ आहे कीं ९३ यावर सबंध कुटुंबाची झोप अवलंबून राहूं लागली. त्यांत एक तांबडा आणि एक डोळ्यांस न दिसणारा असे दोन प्रकाश बोटांतून पार जातात. प्राणवायूनें भरलेलें रक्त तांबडा प्रकाश कमी शोषतें, रितें रक्त अधिक शोषतें. त्या प्रमाणावरून यंत्र अदमास बांधतें. अदमास हा शब्द आम्ही मुद्दाम योजीत आहोंत. हात गार पडला असेल, नखांस रंग असेल, तर आंकडा चुकतो. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, सांवळी-काळी त्वचा असलेल्या रोग्यांत प्राणवायूची खरी तूट या चिमट्याकडून गोऱ्यांच्या मानानें सुमारें तिप्पट वेळां निसटते, असें अमेरिकेंतील एका पाहणींत आढळून २०२० च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालें. आपल्या लोकांचा वर्ण ध्यानीं घेतां, प्रकाश कसा शोषला जातो हें समजलेला डॉक्टर आपणांस हवा कीं नको?

आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाल्या, तेव्हां क्ष-किरण सांपडावयास नऊ वर्षें अवकाश होता. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत त्याच्याहि पुढच्या वर्षीं, १८९६ सालीं, निघाली. हृदयाच्या विजेचा आलेख, ध्वनिलहरींनीं गर्भ दाखविणारें यंत्र, चुंबकाच्या जोरावर मेंदूचें चित्र काढणारें यंत्र, हीं सारीं त्यानंतरचीं. त्या काळीं पदार्थविज्ञानावांचून डॉक्टरचें कदाचित् निभलें असतें. तरीहि डोळ्याच्या आंत पाहण्याचें उपकरण १८५१ सालीं बनविणारे हेल्महोल्ट्झ वैद्यच होते, आणि विश्वांतील शक्ति नष्ट होत नाहीं हा सिद्धान्त मांडणाऱ्यांतहि ते अग्रभागीं होते. इंग्रजींतील फिजिक्स व फिजिशियन हे शब्द निसर्ग या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दापासून निघालेले आहेत, हें अण्णांनीं सांगितलें. निजामाच्या राज्यांत उस्मानिया विद्यापीठांत शास्त्रें उर्दूंतून शिकवीत, तेथें पदार्थविज्ञानाला 'तबीइयात' म्हणत, हेंहि त्यांच्या ओठांवर होतें. अण्णांस अशा गोष्टींचा नाद आहे, थांबवावें लागतें.

आतां भाचीच्या तक्रारींतील खरें तेंहि कबूल केलें पाहिजे. अकरावीच्या पुस्तकांतील उपग्रहाची कक्षा किंवा विमानांतून पडणारा गोळा रोग्याच्या खाटेशीं कधीं उपयोगीं पडेल असें आम्हांस वाटत नाहीं. तीन तासांत १८० प्रश्न, चुकल्यास गुण वजा. म्हणजे विचार करण्यास सवड नाहीं, सूत्र आठवलें तर आठवलें. शिकवणीच्या वर्गांतून तर विचार ही चैनच समजतात. २०२४ पासून 'नीट'च्या अभ्यासक्रमांत प्रयोगकौशल्याचा स्वतंत्र भाग घातला, हें चांगलें झालें. पण हातांत कधीं मापनयंत्र न धरतां त्यावरचे प्रश्न पाठ करणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत.

आणि रडण्याचें खरें कारण आम्हांस निराळेंच आढळलें. पोर दहावीपर्यंत मराठींतून शिकली. वेग, त्वरण, जडत्व हे शब्द तिला घरचे. अकरावींत शास्त्रशाखा इंग्रजीची. एका उन्हाळ्यांत सारे शब्द परके झाले. शिवाय डॉक्टर होणाऱ्यास गणित लागत नाहीं अशा कोणाच्या तरी सल्ल्यावरून तिनें गणित सोडून दिलेलें. इकडे पदार्थविज्ञानाच्या पहिल्या चार धड्यांतच सदिश व कलनाचें गणित येऊन उभें! पायरी काढून घ्यावयाची आणि मग माडी उंच म्हणून बोल लावावयाचा, असा हा प्रकार. ज्यांच्या घरीं दहावीची मुलें आहेत त्यांनीं गणित सोडण्यापूर्वीं दहादां विचार करावा. सोडलेंच असेल, तर तेवढ्यापुरतें गणित घरीं कोणाकडून तरी शिकून घ्यावें, असें आम्ही आग्रहानें म्हणूं. एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमांत पदार्थविज्ञान हा वेगळा विषय नाहीं. शरीरक्रियाशास्त्र शिकवितांना तें येतें असें गृहीतच धरलेलें असतें. बारावीला कच्चें राहिलें तें पुढें कोणी बसून पक्कें करून देत नाहीं.

अण्णांनीं एक उपाय काढला. रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर भाचीनें इंग्रजी पुस्तकांतला एक परिच्छेद त्यांस मराठींत समजावून द्यावयाचा. त्यांस समजला नाहीं तर तिला समजला नाहीं असें धरावयाचें. लातुरास शिकवणीला पाठविण्याचा विचार होता, तो उन्हाळ्यापर्यंत लांबणीवर टाकला. १९५६ पर्यंत मराठवाड्यांत वैद्यकीय महाविद्यालयच नव्हतें. आतां २०२३ पासून परभणीसच सरकारी महाविद्यालय झालें आहे, तेव्हां जागा मिळालीच तर पोर जवळ राहील, ही आजीची निराळीच गणना.

आम्ही निघालों त्या सकाळीं पुन्हां रक्तदाब मोजणें चाललें होतें. काकूंनीं हात स्टुलावर नीट ठेवविला, आंकडा १४२. मग भाचीनें अण्णांस तोच हात डोक्याच्या उंचीपर्यंत उचलून धरावयास लावला, आपण खालून आधार दिला, आणि कळ दाबली. १२४.

"अण्णा, बघा, गोळीवांचून उतरवला!"

"असं?" अण्णा म्हणाले, "मग आतां दिवसभर असाच धरून बसूं काय?" आणि हात खालीं घेऊन त्यांनीं चहा मागितला.