थंडींत विमानाचें एंजिन सुरू करणें

शेतकऱ्यांच्या मासिकांत विमानाचा विषय कशास, असें कांहीं वाचक म्हणतील. परंतु लहान विमानाचें एंजिन हें मोटारीच्या पेट्रोल-एंजिनाचेंच भावंड होय. आणि कडक थंडींत त्याची जी काळजी घ्यावी लागते, तिच्या मुळाशीं असलेलीं कारणें कोणत्याहि एंजिनाच्या धन्यास जाणून घेण्यासारखीं आहेत.

कॅनडाच्या उत्तर भागांत रस्ते थोडे व हिंवाळा लांब. तेथील दूरच्या वस्त्यांस लहान विमानाचा मोठा आधार. १९२९ च्या जानेवारींत तिकडे माणसांस होणारा घटसर्प पसरण्याचें भय उत्पन्न झालें, तेव्हां वॉप मे व व्हिक हॉर्नर हे वैमानिक उघड्या बैठकीच्या लहानशा विमानांतून एडमंटनहून फोर्ट व्हर्मिलियन येथें औषध घेऊन गेले. वाटेंत एक रात्र मुक्काम पडला. अशा रात्रीनंतर सकाळीं एंजिन चालू न झालें, तर औषध वाटेंतच राहावयाचें.

थंडीनें बिघडतें काय, तें क्रमानें पाहूं. पहिली गोष्ट तेलाची. वंगणाचें तेल थिजत्या तुपाप्रमाणें घट्ट होतें. एंजिन फिरविण्यास जोर अधिक लागतो, आणि बॅटरीचें बळ मात्र थंडीनें घटलेलें असतें.

दुसरी पेट्रोलची. पेट्रोलची वाफ हवेंत मिसळल्यावांचून तें पेटत नाहीं, व थंडींत ती वाफ पुरेशी होत नाहीं. म्हणून आरंभीं थोडें जादा पेट्रोल एंजिनांत सोडतात. तें फार झालें तर सिलिंडरच्या आंतील बाजूचें तेल धुवून निघतें, आणि ठिबकलेलें पेट्रोल भडकण्याचा संभव असतो. सुरू करतांना असा भडका झाल्यास एंजिन फिरवीतच ठेवावें, म्हणजे बहुधा जाळ आंत ओढला जातो.

तिसरी प्लगची. पेट्रोल जळतांना पाण्याची वाफ होते. एंजिन एकदोन ठोके देऊन थांबलें, तर ती वाफ प्लगच्या टोकांवर गोठून ठिणगी बंद होते. मग ऊब दिल्यावांचून उपाय नाहीं.

चौथी धातूची. एंजिनाचें कवच अल्युमिनियमचें व आंतील क्रँक पोलादाचा. अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतें. म्हणून अति थंडींत बेअरिंगमधील तेलाची जागाच कमी होते.

यावरून ध्यानांत येईल कीं, गारठलेलें एंजिन सुरू न होणें ही केवळ अडचण, परंतु तें तसेंच सुरू होणें हें नुकसान होय. घट्ट तेल सर्वत्र पोहोंचेपर्यंत धातूवर धातु घांसत राहतो. ती झीज त्या दिवशीं दिसत नाहीं, पुढें भोंवते.

जुन्या काळीं कॅनडांतील वैमानिक संध्याकाळीं एंजिन गरम असतांनाच तेल काढून घेत व सकाळीं तापवून परत ओतीत. एंजिनावर जाड कापडाचा तंबू घालून खालीं स्टोव्ह पेटवीत, आणि आग लागूं नये म्हणून तेथें पहारा करीत. हल्लीं विजेचीं किंवा गरम हवेचीं साधनें आहेत. शून्याखालीं सुमारें ७ अंशांहून अधिक थंडी असल्यास काँटिनेंटल कंपनी, व १२ अंशांहून अधिक असल्यास लायकमिंग कंपनी आपल्या बहुतेक एंजिनांस आधीं ऊब देण्यास सांगते. ही ऊब तळच्या तेलापर्यंत पोहोंचली पाहिजे. सिलिंडर हातास गरम लागले म्हणजे काम झालें असें नव्हे. सुरू होतांच तेलाच्या दाबाचा कांटा पाहावा. अर्ध्या-एक मिनिटांत तो न चढल्यास एंजिन बंद करावें. पंखा हातानें फिरवितांना, बटण बंद असलें तरी तो केव्हांहि उडेल असें समजूनच वागावें.

आपल्याकडे निफाडसारख्या ठिकाणीं थंडी पडली तरी ती कॅनडाची नव्हे. डिझेल एंजिनांत प्लगची ठिणगीहि नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें तेल पेटतें, व गार सिलिंडर ती उष्णता शोषून घेतो. तथापि नियम तोच. ऋतूस योग्य असें तेल घालावें, आणि पहांटे पाणी धरण्याची घाई असली तरी एंजिन सुरू होतांच त्यावर पूर्ण भार टाकूं नये. तेल सर्वत्र फिरूं द्यावें, मग काम घ्यावें. बैलास गोठ्यांतून काढल्याबरोबर कोणी धांवडवीत नाहीं; तीच दया लोखंडासहि दाखविणें हिताचें आहे.