अ‍ॅमीटरचा काटा

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर बसविलेल्या अ‍ॅमीटरचा काटा खड्ड्यागणिक थरथरू लागला आणि दिवे मिणमिणू लागले, म्हणजे तडकाफडकी नवी बॅटरी आणणाऱ्या मालकाची मला कीव येते. कारण परतीचा विद्युत्प्रवाह चासीच्या लोखंडातूनच वाहत असल्यामुळे, अर्थची वायर जेथे बोल्टाने आवळलेली असते तेथे गंज वा रंगाचा पापुद्रा साचला, की त्यास मज्जाव होतो. बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून इंजिनापर्यंत सुटी वायर धरून पाहावी. दिवे सावरले तर चोर सापडला, मग तो सांधा पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासावा. दिवे प्रखर असूनही स्पार्क प्लगची ठिणगी क्षीण असेल, तर मात्र तपासाचा रोख इग्निशनच्या पॉइंटांकडे वळवून त्यांतील ०.३५ ते ०.४० मिलिमीटर अंतर फीलर गेजने मोजावे.